डॉक्टर उपचार करतातच, मग साथरोगतज्ज्ञ हवेत कशाला?

डॉक्टरसमोर एक पेशंट असतो, साथरोगतज्ज्ञासमोर अख्खी वस्ती. कोण आजारी पडलं, कुठे, कधी, आणि शेजारचा का नाही पडला, हे त्याचे प्रश्न.

पुण्याचंच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) पेशंट एकदम वाढले. हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. त्यामुळे एकेका हॉस्पिटलात एखादा पेशंट आला, तर वावगं वाटत नाही. सगळ्यांची एक यादी करून पत्ते नकाशावर मांडले की मग घोळका दिसतो. पुढचं काम पायपिटीचं: घरोघरी जाऊन विचारायचं, हातापायांतली ताकद जाण्याआधी जुलाब झाले होते का? पिण्याचं पाणी कुठलं? जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. शोधायचा असतो तो त्याआधी झालेला, त्याला निमित्त ठरलेला संसर्ग. काही पेशंटांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. आयसीयूतलं महागडं इंजेक्शन आजारी माणसाच्या कामाचं. पुढचा पेशंट टळतो तो पाण्यातल्या क्लोरीनमुळे.

साथ नसतानाही हे शास्त्र लागतंच. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध १९५० च्या सुमारास असाच, पेशंट आणि इतरांच्या सवयी ताडून पुढे आला.

माझ्या मते आपलं घोडं अडतं ते नोंदींपाशी. खासगी दवाखान्यातून माहिती उशिरा आली, तर नकाशावर मांडणार काय?