पाय काढून बसताना

"अपघातात पाय गेलेल्या मुलीला खेळायला पाठवावं का? तिला लागलं तर? लोक बघत राहिले तर?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे आई-बाबा हे हमखास विचारतात. मी अशा वेळी एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती १९ वर्षांची. दुचाकीच्या अपघातानंतर डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. दीड वर्षात ती कृत्रिम पायावर छान चालू लागली, कॉलेजला जाऊ लागली. मग फिजिओथेरपिस्टनी सिटिंग व्हॉलीबॉल, म्हणजे जमिनीवर बसून खेळायचा व्हॉलीबॉल, सुचवला आणि आईचा जीव खालीवर झाला. "मॅडम, एवढ्या कष्टानं उभी राहिली, आता परत जमिनीवर बसवायची?" बाबा गप्पच होते. त्यांच्या मनातला लग्नाचा विषय तिसऱ्या भेटीत बाहेर आला.

माझं पहिल्या भेटीत चुकलंच. मी तिला मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगू लागले: सांगली जिल्ह्यातले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, मला पदक नकोय. चप्पल काढावी तसा चारचौघांत पाय काढून बसता आलं पाहिजे."

या खेळात बहुतेक जण कृत्रिम पाय बाजूला काढूनच मैदानात उतरतात. आणि ही मुलगी घरातसुद्धा दिवा मालवल्यावरच पाय काढायची! आईनंही तिचा स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, कधी नीट पाहिला नव्हता. आधी ड्रेसिंग नर्स करायची, नंतर ती स्वतः, दार लावून. आईला वाईट वाटू नये म्हणून लेक लपवायची, लेकीला संकोच नको म्हणून आई नजर वळवायची. घरातले असे अबोल करार मी फार पाहिलेत, आणि ते मोडायला लोकांच्या नजरेला तोंड देण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

म्हणून खेळाचं नंतर बघू म्हटलं. रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं हॉलमध्ये पाय काढून बसायचं, आणि आईनं उठून जायचं नाही. पहिले चार दिवस आई भांडी घासायला गेली. पाचव्या दिवशी शेजारी येऊन बसली आणि विचारलं, "इथं हात लावला तर दुखतं का गं?"

दुखापतीची भीती मात्र खरी असते. जखम पूर्ण भरली आहे का, त्वचा घर्षण सोसेल का, हे सर्जननी तपासल्याशिवाय मी कुणालाच पुढे जाऊ देत नाही. त्यांनी होकार दिला तेव्हा ती सरावाला गेली. मैदान १० बाय ६ मीटर, बायकांसाठी जाळी १.०५ मीटर उंच. चेंडू मारताना ढुंगण उचललं की फाऊल. सरकायचं तळहातांवर, आणि त्याच हातांनी लगेच चेंडूही घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तळहात सोलले. पुढच्या भेटीत तिनं ते मला कौतुकानं दाखवले. तासभर आम्ही सर्व्हिस कशी अडवायची यावरच बोललो, कारण उभ्या व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस ब्लॉक करता येत नाही, इथे चालते. पायाचा विषय निघालाच नाही.

बाबांची लग्नाची काळजी अजून मिटलेली नाही. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

पहिल्या स्पर्धेत त्यांचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. संध्याकाळी आईचा फोन आला. गर्दीत हरवायला नको म्हणून लेकीचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी अख्खी मॅच बघितली होती.