उसाजवळ दिसलेलं भुरकट मांजर सँड कॅट असेल का?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर सँड कॅटचा व्हिडिओ पाहिला आणि परवा बीडकडं उसाच्या कडेला तसंच भुरकट मांजर दिसलं, तर ते तेच का?

नाही. सँड कॅट भारतात नाही. सहारा, अरबस्तान, इराण, मध्य आशिया ही तिची वाळवंटं. जवळात जवळची म्हणजे पाकिस्तानातल्या बलुचिस्तानातली. तुम्ही पाहिलं ते बहुतेक आपलं रानमांजर.

मी अंबाजोगाईकडचा. थ्री फेजची लाइट रात्रीची असली की उसाला दारं धरायला जावंच लागतं. एकदा बांधावर बॅटरी मारली तर दोन डोळे लख्ख चमकले. पळायचं सोडून ते माझ्याकडंच बघत बसलं. सँड कॅट असं करत नाही. उजेड पडला की ती जमिनीला चिकटते आणि डोळे मिटून घेते. अंग वाळूच्याच रंगाचं, मग काय दिसणार?

सकाळी दंडातल्या ओल्या मातीत ठसे पाहिले. चार बोटं, मागं गादी, नखं नाहीत. पेढ्यावर अंगठा दाबावा तसे स्वच्छ. सँड कॅटच्या तळव्यांना दाट, लांब केस असतात. दिवसा भाजणारी आणि रात्री गारठणारी वाळू त्यामुळं पायाला लागत नाही, पायही रुतत नाही. तिचा माग म्हणूनच धड उमटत नाही.

ती दीड ते साडेतीन किलोची. रानमांजर बऱ्याचदा दुपटीचं, पाय लांब, शेपूट आखूड, टोकाकडं काळी कडी. सँड कॅट पाण्याविना उंदीर-सरड्यांच्या अंगातल्या ओलाव्यावर भागवते. आपल्या रानमांजराला मात्र पाणवठ्याकडचं गवत लागतं, आणि टँकरच्या मुलखात ते उसानं पुरवलंय!

भारतात वाळवंटी मांजर म्हणतात ते वेगळं, थर आणि कच्छकडचं. त्याच्या अंगावर काळे ठिपके असतात.

तोडणीत पाचटाखाली पिल्लं सापडली तर बिबट्याची समजून घरी नेऊ नका. आमच्या फडात तीन निघाली होती. टोळीतल्या बायकांनी पाटीत घालून बांधावर ठेवली, सगळे लांब झाले. उजाडता पाटी रिकामी, आणि शेजारच्या ओलीत तसेच चार बोटांचे ठसे.