माती बघ, मग रेष ओढ

प्रिय मुली,

तुझा नकाशा मिळाला. विदर्भाचे दोन तुकडे केलेस, अमरावती विभाग आणि नागपूर विभाग, आणि खाली लिहिलंस, ‘सर, आजोळ भंडाऱ्यातल्या साकोलीचं, वडील अकोल्याकडच्या अकोटचे, मग मी कुठली?’ ते तुझं तू ठरव. नकाशाबद्दल मात्र मी बोलणार.

विभाग ही कचेरीची सोय आहे. माती बघ आधी! वर्धा नदीवरची तुझी रेष अगदीच पोकळ नाही, हे कबूल. पलीकडचं वऱ्हाड १८५३ साली निजामानं इंग्रजांच्या हवाली केलं, अलीकडचं भोसल्यांचं राज्य पुढच्याच वर्षी खालसा झालं. १९०३ मध्ये दोन्ही एका कारभाराखाली आले, तरी तिकडे रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, आणि इकडे मालगुजारी, म्हणजे सारा गावच्या मालगुजारामार्फत, हे राहिलंच. पण कापसाला ही रेष कोणी दाखवली? आर्वी, हिंगणघाट नदीच्या अलीकडे, तरी शेतात पऱ्हाटीच.

माती बदलते ती नागपूरच्या आसपास. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची, ज्या खडकाची कापसाची काळी माती होते. काटोल-नरखेडला संत्रा, आणि त्याच जिल्ह्यात मौद्याकडे निघालीस की धानाच्या बांध्या. पुढे भंडारा-गोंदियात पाऊस अकोल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण जमीन काळ्या मातीसारखी ओल धरत नाही. म्हणून तिथल्या कोहळी समाजानं तलाव बांधले. धान निघालं, दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. पऱ्हाटीच्या मुलुखात त्याच दिवसांत वेचणी चालू असते. रात्रभर नाटक बघायला सवड कोणाला? झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या मुलुखाची, रंगभूमी झाडीपट्टीतच का, याचं निम्मं उत्तर इथं आहे. तुझ्या प्रबंधात त्यावर एक ओळ नाही. काय करून राहिली तू?

नोकरीत एका अहवालात मी हेच मांडलं होतं. साहेब म्हणाले, जिल्हा ज्या विभागात, पीक त्या विभागात. मी सही केली नाही. माझं नाव गाळून अहवाल निघाला, बढतीही गेली. घरचे अजून विचारतात, एका रेषेसाठी एवढं? हो, रेषेसाठीच. तलावाचा गाळ आणि कापसाचं कर्ज एकाच रकान्यात बसवलं, की दोघांपैकी कोणाचंच काम होत नाही. खंत बढतीची नाही. माझा कच्चा नकाशा ट्रंकेतच राहिला, त्याची आहे. तो तुला देतो, पण त्यावरून उतरवून घेऊ नकोस.

मार्गदर्शक रागावतील म्हणतेस. रागावू देत. आधी माती, मग पीक, मग माणसं काय करतात ते; कचेरी सगळ्यात शेवटी. आणि एक बारीक रेष ओढण्यापेक्षा रुंद पट्टा रंगव, कारण नागपूर त्या पट्ट्यातच बसलंय, ना धड इकडे ना तिकडे. झीरो माइलजवळ फोटो काढून हे कळायचं नाही.

दिवाळीनंतर मामांकडे जा, मंडई बघ, तलावाचं पाणी कोण सोडतं ते विचार. मग वडिलांच्या गावी वेचणीला उभी राहा. नवा नकाशा त्यानंतर पाठव. त्यावर पुन्हा विभागांचीच हद्द दिसली, तर मी वाचणार नाही.

तुझा,
सर