पिकअप रिकामी असतानाही मागून बसलीय, जादा पाटा टाकू का?

म्हणजे गाडी सहा वर्षांची, कांदा ओढणारी, डावी बाजू जरा जास्तच खाली, आणि मेस्त्री म्हणतोय एक पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, वाढवून टाकू. दादा, एवढ्यात टाकू नका.

मीही सीझनला सोलापुरात हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात कांदा आणतो. तिथं पहाटेच्या रांगेत बघा, निम्म्या पिकअपची मागची बाजू टेकलेली आणि हेडलाईट लिंबाच्या शेंड्यावर. सगळ्यांचेच पाटे बसलेले असतात असं नाही.

आधी गाडी रिकामी करून सपाट जागी लावा आणि हाऊसिंगपासून (मागच्या एक्सलचं कवच) चेसीपर्यंतचं (गाडीचा सांगाडा) अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. तुमची एक बाजू जास्त खाली आहे, म्हणून मला तुटक्या पाट्याचा संशय येतो. तो सहजी दिसत नाही. पाटा बऱ्याचदा मधल्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो आणि पाटे हाऊसिंगला आवळणाऱ्या यू क्लॅम्पखाली लपून राहतो. वायरब्रशनं चिखल काढा. आडवी तांबडी गंजाची रेघ दिसली, किंवा एखादा पाटा बाजूला सरकलेला दिसला, की चोर सापडला. शॅकल (पाट्याचं टोक चेसीला टांगणारी कडी) आणि तिथले बुशही हलवून बघा. खाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, चेसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा.

पाटे खरंच सपाट झाले असतील तर भट्टीत तापवून कमान मारून घेऊ नका. मी ती चूक केलीय. दिवाळीत एकानं पाटे लालभडक करून, ठोकून झकास कमान दिली. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरली तोवर गाडी होती तिथंच! पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून झटक्यात गार करून कडक केलेलं असतं. लाल करून तसंच गार होऊ दिलं की ते पाणी उतरतं, मग कमान टिकत नाही. थंड पाट्याला प्रेसवर कमान देतात ते त्यापेक्षा बरं, पण थकलेला पाटा त्यानं नवा होत नाही.

जादा पाट्याचं म्हणाल तर पाच सारख्या पाट्यांत तसाच सहावा घातला की कडकपणा साधारण पाचव्या हिश्शानं वाढतो. जाडी मात्र फसवते. पाटा दहा टक्के जाड घेतला तर तो एकटाच तेहतीस टक्के कडक होतो. मग रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते. आणि पाटा वाढला म्हणून एक्सल, बेअरिंग, टायर यांची ताकद वाढत नाही. आरसीवरच्या ग्रॉस वजनातून (मालासकट गाडीचं कमाल वजन) रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, तेवढाच माल. ओव्हरलोडला २०१९ पासून २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

मी शेवटी दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट नवे घातले. एकाच बाजूचा बदलला तर गाडी तिरकी उभी राहते. यू क्लॅम्प नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले की रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागच्या ब्रेकचा जोर मालाप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह दांडीनं हाऊसिंगला जोडलेला असेल तर उंची बदलल्यावर तोही सेट करून घ्या, हे मेस्त्री हमखास विसरतात.

दोन भरल्या फेऱ्या झाल्या की यू क्लॅम्प परत आवळा. माझा पाना त्यासाठी सीटखालीच असतो.