धिंगरीचा म्यूटंट तपासताना

यूव्ही (अतिनील) किरण देऊन धिंगरी अळिंबीचा म्यूटंट, म्हणजे डीएनए बदललेला वाण, खरंच तयार झाला का हे तपासायचं असेल, तर आयटीएस (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) सिक्वेन्सिंगवर पैसे घालू नका. त्यातून प्रजाती कळते; म्यूटंट आणि मूळ वाण बहुधा सारखेच दिसतात. आयएसएसआर मार्करने सुरुवात करा: यात डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांमधले तुकडे पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढून) वाढवतात आणि जेलवर पट्ट्यांच्या रूपात पाहतात.

आधी बुरशीच्या तंतूचं टोक उचलून नवी प्लेट लावा, नाहीतर बदललेल्या-न बदललेल्या पेशींची खिचडी तपासाल. मग द्रव माध्यमात 25 अंशांवर आठवडाभर वाढ. गव्हाच्या स्पॉनमधून (गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेल्या अळिंबीच्या बियाण्यातून) डीएनए काढलात तर गव्हाचेच पट्टे 'नवे' म्हणून मोजाल!

डीएनए काढायला: 2 टक्के सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) असलेला बफर, 65 अंश, अर्धा-पाऊण तास. शेवटी मिळणारा डीएनएचा गोळा शेंबडासारखा चिकट निघाला तर ती पॉलिसॅकराइड्स (बुरशीतली चिकट कर्बोदकं). मग 260/280 गुणोत्तर (डीएनएच्या शुद्धतेचं माप) चांगलं, 1.8 असलं तरी पीसीआर अडतो. बफरमधलं मीठ 1.4 वरून 2 मोलरवर न्या.

पीसीआरच्या 25 मायक्रोलिटर मिश्रणाला 25-50 नॅनोग्रॅम डीएनए पुरे. जेलवर शेजारी मूळ वाण आणि डीएनएविना चालवलेली नळी हवीच. जास्तीचा पट्टा नव्याने काढलेल्या डीएनएतही आला तरच धरा. गायब पट्ट्यावर मात्र माझा भरवसा कमी: बऱ्याचदा पीसीआरच फसलेला असतो. उलट, धिंगरीच्या पेशीत दोन केंद्रकं असल्याने एकातला पट्टा खरोखर गेला तरी दुसरं ते झाकतं.