मुलीचा प्रश्न तुम्ही कंसात लिहिलात

प्रश्न : माझ्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तिची चित्रफीत पाहिल्यापासून मुलीने ‘तो कॅमेरा सुधारायचा’ हे डोक्यात घेतलंय. दोनदा ‘नीट’ परीक्षा दिली, तिसऱ्यांदा द्यायला तयार नाही. डॉक्टर व्हायचं सोडून कॅमेऱ्याची मेकॅनिक होणार का? आता फोर-के आलं आहे, सुधारायला उरलंय काय? तिला समजवा. – एक वडील

उत्तर : तुमचं पत्र चार पानी आहे. दोन्ही वर्षांचे विषयवार गुण आहेत, क्लास आहेत, नातेवाइकांची मतं आहेत. मुलगी काय म्हणाली ते मात्र एका कंसात : (‘मधेच सगळं लाल का झालं?’ म्हणून तेवढाच तुकडा परत परत लावत होती). मला काळजी वाटली ती त्या कंसाची. अख्ख्या पत्रात ऐकण्याजोगं तेवढंच होतं आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. दोन वर्षं मान खाली घालून अभ्यास केलेल्या मुलीने तिसऱ्यांदा नाही म्हटलं, तर तो हट्ट नव्हे. तिला समजवायचं काम मी घेणार नाही.

आता फोर-केबद्दल. फोर-के म्हणजे 3840 बाय 2160 ठिपके, फुल एचडीच्या चौपट. पण पाणीच गढूळ असेल तर गढूळपणा चौपट ठिपक्यांत दिसेल, एवढंच! सांध्यात सलाइन सोडून जागा फुगवतात आणि त्या पाण्यातून पाहतात. बारीकशी रक्तवाहिनी झिरपली की पडदा लाल. त्यात गुडघ्याची दुर्बीण साधारण 4 मिलिमीटर जाडीची. प्रकाश बाहेर पडतो तोही तिच्याच टोकातून आणि पाहणारं भिंगही तिथेच. त्यामुळे तरंगणाऱ्या कणांवर पडलेला उजेड उलटून थेट भिंगात येतो, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखा. पाणी सोडणाऱ्या पंपाचा दाब वाढवला तर रक्त थांबतं, पण फार वाढवला तर पाणी आजूबाजूला झिरपून सूज येते. कधी उपाय अगदी साधा असतो : कातडीवरच्या ज्या छिद्रातून पाणी जोरात बाहेर उडतंय त्यावर बोट ठेवायचं. त्या वेगाने आत रक्त ओढलं जात असतं. बोट ठेवलं की चित्र निवळतं. बाकी कारणं आणखी किरकोळ. कॅमेरा आणि दुर्बिणीच्या जोडावर ओल, पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायचा व्हाइट बॅलन्स राहिलेला, प्रकाशाच्या केबलमधले तंतू तुटलेले. केबलचं एक टोक दिव्याकडे धरून दुसरीकडून पाहिलं की तुटलेले तंतू काळे ठिपके होऊन दिसतात.

म्हणजे मुलीचा प्रश्न प्रकाशाचा आहे, पाण्याच्या प्रवाहाचा आहे, कॅमेऱ्याचा त्यामानाने कमी. आणि ‘मेकॅनिक’ म्हणाल, तर अशा दुर्बिणींत काचेच्या लांब कांड्यांची रचना आणून चित्र उजळ करणारे हॅरोल्ड हॉपकिन्स डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते.

वाटा नेहमीच्याच : जेईई किंवा सीईटी देऊन इन्स्ट्रुमेंटेशन वा बायोमेडिकल इंजिनिअरिंग, नाहीतर फिजिक्समध्ये बीएस्सी आणि पुढे ऑप्टिक्स, म्हणजे प्रकाशाचं शास्त्र. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. बारावीला तिने गणित घेतलं होतं का? नसेल, तर यातल्या बहुतेक वाटा आज बंद आहेत आणि तिसऱ्या नीटवर घालणार होतात ते वर्ष गणितावर घाला.

तिलाही एक सांगायचंय. एका चित्रफितीवरून करिअर ठरवू नये. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दुधाचे दोन-तीन थेंब टाक, पलीकडे छापील कागद उभा कर आणि अंधारात फोटो काढ. एकदा टॉर्च मोबाइलला चिकटवून, एकदा बाजूने धरून. अक्षरं कधी वाचता येतात ते बघ. दोन फोटोंवर थांबलीस तरी हरकत नाही, मग आपण वेगळं काही शोधू. तासाभराने अजून टॉर्चच हलवत बसली असशील, तर ते फोटो मला पाठव. पत्र तू लिही, बाबांनी नको.