मनातली अढी सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

ख्रिस्ती वाचकांचे प्रश्न आणि बायबलच्या आधाराने आमची उत्तरं. या वेळची चारही पत्रं सोलापुरातून आलेली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत.

प्रश्न : आई गेल्यावर विजापूर रोडचं घर धाकट्या भावाच्या नावावर करायचं ठरलं. "ताई, तुझे चार लाख वर्षभरात देतो," या त्याच्या शब्दावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. अडीच वर्षं झाली, एक रुपया मिळाला नाही. आम्ही एकाच मंडळीत (चर्चमध्ये) आहोत, तो माझ्या पुढच्याच बाकावर बसतो. देवासमोर दहा वेळा म्हटलं, "माफ केलं." तरी त्याची पाठ दिसली की जीव घुसमटतो. प्रभुभोजनाच्या रविवारी मी घरीच थांबते. माझी क्षमा खोटी आहे का?
– एक भगिनी

उत्तर : ताई, तुमची क्षमा खोटी नाही, मोघम आहे. म्हणून ती टिकत नाही.

आपण उपासनेत म्हणतो, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." इथे 'ऋण' हा शब्द उगीच आलेला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्येही तिथे कर्जाचाच शब्द आहे, आणि 'सोडणे' यासाठी जो शब्द आहे तो कर्जमाफीलाही वापरतात. आता कर्ज सोडायचं तर ते किती आहे हे आधी कळायला हवं. बाकी न बघता कुणी खातं बंद करत नाही. तुम्ही "सगळं माफ" म्हणून वही मिटलीत, पण आतली बाकी तशीच राहिली.

तर एक कोरा कागद घ्या. अर्धा तास दार लावून बसा. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डाव्या बाजूला भावाने काय केलं ते लिहा, एका ओळीत एकच गोष्ट आणि विशेषणं न लावता. 'नालायकपणा केला' असं नको, 'पैसे देतो म्हणाला, दिले नाहीत' असं लिहा. उजव्या बाजूला त्यामुळे तुमचं काय गेलं ते लिहा. उजवी बाजू भरायला वेळ लागतो, आणि खरं काम तिथेच आहे. पहिल्या ओळीत चार लाख येतील. त्याच्या खाली हळूहळू दुसरं उतरायला लागेल : माहेर गेलं. भावाचा शब्द गेला. सुट्टीत मुलांना हक्काने न्यायची जागा गेली. पुष्कळांना इथे पहिल्यांदा कळतं की पैशांची ओळ सगळ्यात जड नव्हतीच.

मग एकेक ओळ बोटाने धरून मोठ्याने म्हणा, "प्रभू, यामुळे माझं माहेर गेलं. हे ऋण मी सोडते." एखादी ओळ तोंडातून निघत नसेल तर ओढूनताणून म्हणू नका. ती दुसऱ्या चिठ्ठीवर तारीख घालून उतरवा आणि आठ दिवसांनी पुन्हा बसा. तीन-चार बैठका लागल्या तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाकीचा कागद मात्र त्याच दिवशी फाडून टाका. १ करिंथ १३:५ मध्ये प्रीती "अपकार स्मरत नाही" असं आहे, आणि तिथला मूळ शब्द हिशेबाच्या वहीत मांडून ठेवण्याचा आहे. सोडलेल्या ऋणाचा कागद कपाटात साड्यांखाली राहिला, तर पुढच्या भांडणात तो बाहेर येतोच.

यात बहुतेक जण एका जागी चुकतात : "काय एवढं मोठं झालं, जाऊ दे." हे लपवणं झालं. मत्तय १८ मधल्या दृष्टांतात राजाने ज्याचं कर्ज सोडलं तो दास दुसऱ्या दासाचं कर्ज सोडत नाही. त्या दुसऱ्या दासाचं कर्ज शंभर दिनार आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आज रोज ५०० रुपये धरा, म्हणजे ५० हजार झाले, जवळपास चार महिन्यांची कमाई. प्रभूने ही रक्कम क्षुल्लक म्हटलेली नाही. पहिल्या दासाला सोडलेलं कर्ज दहा हजार तालांत होतं, आणि एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा. त्याच दराने हे तीन हजार कोटी रुपये होतात. त्या शंभर दिनारांसारखं तुमचंही खरोखरच गेलं आहे. ते सोडायचं बळ त्या तीन हजार कोटींच्या माफीतून येतं.

घुसमट लगेच थांबणार नाही. ठरवणं एका संध्याकाळी होतं, छातीला ते कळायला महिने लागतात. चर्चमध्ये त्याची पाठ दिसली की मनात एवढंच म्हणा, "हे सोडलेलं आहे." कितीदा क्षमा करायची असं विचारणाऱ्या पेत्राला प्रभूने सांगितलेलं 'साताच्या सत्तर वेळा' हे एकाच आठवणीसाठीही लागू आहे, असं आम्ही मानतो.

आता चार लाखांचं. मनातलं ऋण सोडणं आणि पैसे मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे सोडून देणं ख्रिस्ती आहे आणि शांतपणे मागणंही ख्रिस्ती आहे. पण दोन्हींपैकी एक ठरवा, अर्धवट ठेवू नका. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर वाटणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने होते आणि त्यात मुलगा-मुलगी समान आहेत. म्हणजे तुम्ही सही केलीत ती हक्काच्या वाट्यावर. दस्त, भावाचे मेसेज, जे काही लिखित असेल ते घेऊन वकिलाला भेटा आणि आपली बाजू समजून घ्या. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती कधीपासून मोजायची ते वकील सांगेल, त्यामुळे हे लांबवू नका. मात्र कोर्टात जाण्याआधी मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांसमोर बसा. १ करिंथ ६ मध्ये प्रेषित पौल याच क्रमाचा आग्रह धरतो. हप्ते ठरले तर रक्कम आणि तारखा कागदावर घ्या. लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. न लिहिल्यामुळेच तर ही वेळ आली.

प्रभुभोजनाला जा. मत्तय ५:२३-२४ वाचून लोक घरी थांबतात, पण तिथले शब्द नीट बघा : 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आठवलं, तर अर्पण ठेवून उठायचं आहे. उठायचं आहे ते ज्याच्याकडून चूक झाली त्याने. ज्याचं मन दुखावलं त्याच्यासाठी मार्क ११:२५ आहे : प्रार्थनेला उभे असाल तिथेच क्षमा करा. तुम्हाला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहायला कुणी सांगितलेलं नाही.

समेट झाला तरी रोजचं येणंजाणं झालंच पाहिजे असं नाही. इसहाकाचे मुलगे याकोब आणि एसाव यांचं वैर मिटलं तेव्हा ते गळ्यात पडून रडले, आणि नंतर एक सेईराला गेला, दुसरा सुक्कोथला. वेगळेच राहिले. पण इसहाकाला मूठमाती द्यायला दोघं एकत्र आले.

प्रश्न : मी मंडळीचा खजिनदार आहे. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे कुठं गेले?" पावत्या माझ्या पिशवीत होत्या, पण मला बोलूच दिलं नाही. तेव्हापासून मी दुसऱ्या चर्चला जातो. क्षमा केली म्हणून गप्प बसावं का?
– एक बंधू

उत्तर : गप्प बसू नका. मत्तय १८ मधला क्षमेचा दृष्टांत सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच अध्यायाच्या १५ ते १७ या ओव्या कुणी वापरत नाही. तिथे क्रम दिलेला आहे : आधी एकट्याने जा, मग एकदोघांना बरोबर न्या, मग मंडळीला सांगा.

पहिली पायरी सगळ्यात जास्त मोडली जाते, आणि ती मोडते प्रार्थनेच्या नावाखाली. "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हो, फार कडू झालेत," असं चार घरांत सांगून झालं की एकट्याची भेट उरतच नाही. त्यांच्या कानावर तुमच्याआधी तुमची तक्रार पोचलेली असते. हे थांबवा.

भेट समोरासमोर घ्या, फोनवर नको. त्यांच्या सुना-नातवंडांसमोर नको. सोलापूरचा एप्रिल-मे असेल तर दुपार टाळा. ४२ अंशांत चांगल्या माणसाचंही डोकं तापतं. सकाळी सात किंवा दिवस मावळल्यावर, अर्धा तास पुरे. पावतीपुस्तक बरोबर ठेवा. बोलणं साधारण असं असू द्या : "काका, लिलावाच्या पैशांबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण मला उत्तर देऊ दिलं नाही आणि लोक मला चोर समजून घरी गेले. या पावत्या बघा. पटलं तर पुढच्या सभेत दोन वाक्यं बोला, एवढीच विनंती." मग थांबा. दहा वर्षांपूर्वीचं काही काढू नका. ते चिडले तरी वाक्य पुन्हा म्हणू नका, त्यांना बोलू द्या. कदाचित त्यांनाच दुसऱ्या कुणी काही सांगितलेलं असेल, आणि ते इथेच कळेल.

नाही पटलं तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि एकदोन जणांना घेऊन जा. तुमच्या गटातले नकोत, काका ज्यांचा मान ठेवतात असे असावेत. त्यांचं काम ऐकणं आणि खरं काय ते बघणं हे आहे. तुमची बाजू लावून धरायला ते आलेले नसतात. त्यानंतर पाळकसाहेब आणि कमिटी.

आरोप सभेत झाला, तेव्हा हिशेबही सभेतच मांडला पाहिजे. कमिटीबाहेरच्या दोघांकडून पावत्या तपासून घ्या. पुढच्या लिलावापासून रक्कम दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची अशी पद्धत पाडा. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौलाने वर्गणी नेताना मुद्दाम बरोबर माणसं घेतली आहेत, कुणी दोष लावू नये म्हणून.

आणि उपासनेला आपल्या चर्चला परत या. शास्त्रात ज्याला 'अडखळण' म्हटलं आहे त्याचा मूळ ग्रीक शब्द सापळ्याच्या त्या काडीसाठी होता, जिला धक्का लागला की सापळा मिटतो. चर्च बदललं तरी काडी बरोबर येते. तिथल्या पहिल्या सभेत कुणी हिशेब विचारला की पुन्हा तेच होईल.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. सकाळी रडून माफी मागतो. नात्यातले म्हणतात, ख्रिस्ती बाईने क्षमा करून नांदावं.
– नाव नको

उत्तर : ताई, मनातून क्षमा करणं आणि मार खायला परत जाणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. शौल राजाने आपल्या पदरच्या दाविदावर भाला फेकला, दावीद पळाला. पुढे शौल दोनदा त्याच्या हाती सापडला, दोन्ही वेळा दाविदाने त्याला सोडलं. शौल रडला, "माझ्या पुत्रा, परत ये," म्हणाला. दावीद राजवाड्यात परत गेला नाही (१ शमुवेल २४ आणि २६). सूड घेतला नाही, आणि भाल्याच्या टप्प्यातही आला नाही.

आज करायचं ते असं. आधारकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासातल्या घरी ठेवा. जीवावर बेतलं तर ११२, बाकी सल्ला आणि निवाऱ्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. मार लागला तर सरकारी रुग्णालयात तपासून नोंद करून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागता येतो. नवऱ्याचा पश्चात्ताप सकाळच्या रडण्यावरून ठरवू नका. दारू सोडण्याचे उपचार तो स्वतःहून घेतो का आणि महिनोन् महिने टिकतो का, ते दुरून बघा. भावांनीच विकलेल्या योसेफानेही त्यांना ओळखल्याबरोबर मिठी मारली नाही. विकला गेल्याला तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती. त्याने आधी त्यांना पारखलं, आणि यहूदा धाकट्या भावासाठी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच योसेफाने आपली ओळख दिली. नांदायला सांगणाऱ्या नातलगांना दावीद आणि योसेफाच्या या दोन्ही गोष्टी वाचायला द्या.

प्रश्न : जावेशी बोलणं बंद होतं. मीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "माझं काही चुकलं असेल तर माफ करा." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आता माझीच चिडचिड होते.
– एक गृहिणी

उत्तर : 'काही' आणि 'असेल तर' हे शब्द काढा. जाऊबाईंना ते असे वाचता येतात : हिला काय चुकलं तेही माहीत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा. "सगळ्यांसमोर मी तुमच्या माहेरावरून बोलले. ते चूक होतं. तुम्हाला किती लागलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही." त्यापुढे 'पण' नको. 'पण तुम्हीही' तर नकोच, त्यांची चूक सांगायचा दिवस वेगळा. शेवटी विचारा, "हे भरून काढायला मी काय करू?" बायबलमधल्या जकातदार जक्कयाने नुसती माफी मागितली नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. माहेरावरून चारचौघांत बोललात, तर कौतुकाचे दोन शब्दही चारचौघांतच बोलावे लागतील.

हे मेसेजवर करू नका, घरी जा. त्या बोलल्या नाहीत तर दुसऱ्यांदा माफी मागू नका, तो तगादा होतो. रोम १२:१८ मध्ये "तुमच्याकडून होईल तितके" अशी मर्यादा पौलानेच घालून दिली आहे. त्यांच्या वाट्याचं त्यांच्यावर सोडा आणि नाताळच्या फराळाचा डबा दरवर्षीप्रमाणे पाठवा, करंज्या, चकल्या, जे करता ते. आत चिठ्ठी घालू नका. डबा परत मागायची घाईही नको.